बियाणे कोणी राखायचे? लिनक्सच्या दोन वाटांविषयी

मुंबई-ठाण्याच्या कचेऱ्यांतून काढून टाकलेले संगणक टेम्पोने घाट चढून जव्हारला येतात, तेव्हा त्यांच्या पाठीवर त्या त्या खात्याची चिठ्ठी अजून चिकटलेली असते. कुठे कोअर टू ड्युओ, कुठे त्याहून जुना पेंटियम, रॅम एक-दोन जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांना घेत नाही, त्यामुळे असे टेम्पो यापुढे वाढतीलच. शाळेत, वसतिगृहात, एखाद्या अभ्यासिकेत ही यंत्रे मांडली जातात. मग एखादा तरुण शिक्षक किंवा आयटीआय करून गावी परतलेला मुलगा विचारतो, "सर, लिनक्स टाकायचं ठरलंय. पण कुठलं?"

त्या 'कुठलं'मध्ये दोन वाटा आहेत आणि ही पुस्तिका त्या दोन वाटांविषयी आहे. एक वाट तयार पॅकेजांची. दुसऱ्या कोणीतरी, दूरच्या मोठ्या यंत्रावर कंपाइल करून ठेवलेले प्रोग्राम आणायचे आणि बसवायचे. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा ही या वाटेवरची नावे. दुसरी वाट सोर्सची. माणसाने लिहिलेला मजकूर, म्हणजे सोर्स कोड, जसाच्या तसा आणायचा आणि आपल्याच यंत्रावर, आपल्या प्रोसेसरला बेतून कंपाइल करायचा. या वाटेवर सगळ्यांत नावाजलेले जेंटू. लिनक्स फ्रॉम स्क्रॅच त्याहून कडक आहे; तिथे पुस्तक उघडून एकेक घटक हाताने उभा करावा लागतो. नागली पोत्यात असणे आणि नागलीचे पीठ डब्यात असणे, एवढा हा फरक आहे. दोन्ही नागलीच, पण जात्यावर कोणी बसायचे हे वेगळे.

लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, पहिली वार्ता दिली, तेव्हा वितरण, म्हणजे सगळे भाग जुळवून तयार दिलेला संच, ही वस्तूच नव्हती. ज्याला हवे त्याने भाग गोळा करावेत, कंपाइल करावेत, जुळवावेत. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन आले ते लोकांचा हा ताप वाचवायला. पुढे डॅनियल रॉबिन्सने फ्रीबीएसडीच्या पोर्ट्‌सवरून धडा घेतला आणि मार्च २००२ मध्ये जेंटू १.० काढले. कंपाइल तर करायचे, पण त्यातली सगळी कटकट पोर्टेज नावाच्या साधनाने उचलायची, अशी ती कल्पना. कर्नलपासून कॅल्क्युलेटरपर्यंत सगळे आपल्या डोळ्यांसमोर घडते. ज्याने ते एकदा पाहिले त्याला लिनक्स कसे उभे राहते हे पुन्हा शिकवावे लागत नाही. मी स्वतः याच वाटेने आलो, म्हणून पुढे जे लिहितो आहे ते परक्याने केलेले परीक्षण समजू नये.

एका जुलैच्या रात्री मोखाडा तालुक्यातल्या एका शाळेच्या खोलीत मी २ जीबी रॅमच्या कोअर टू ड्युओवर जेंटू बसवत होतो. मूळ सिस्टीम दोन दिवसांत उभी राहिली होती. रात्री जेवण झाल्यावर एका हलक्या ब्राउझरसाठी लागणारे वेबकिट कंपाइलला लावले. पडद्यावर ओळी सरकत होत्या. वसतिगृहातली दोन मुले घोंगडी पांघरून शेजारी बसली होती आणि त्यातला धाकटा त्या ओळी मोजायचा प्रयत्न करत होता. पत्र्यावर पाऊस असा की शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. पहाटे तीनच्या सुमारास लाइट गेली. इन्व्हर्टर वीस मिनिटे तगला. सकाळी अकराला लाइट आली, यंत्र सुरू केले, आणि पोर्टेजने ते पॅकेज पुन्हा पहिल्या ओळीपासून बांधायला घेतले. अर्धवट राहिलेले पॅकेज तो नव्यानेच बांधतो. सीकॅश लावलेला असता तर आधीचे काही काम पुन्हा वापरता आले असते. तो मी लावलेला नव्हता. धाकट्याने विचारले, "म्हणजे रात्रीचं सगळं वाया?" मी हो म्हणालो.

त्या 'वाया'चा हिशेब मी नंतर बराच काळ केला. जेंटूच्या हँडबुकात सरळ सांगितले आहे की एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक कंपाइल-कामामागे सुमारे २ जीबी रॅम धरा. म्हणजे आमच्याकडच्या यंत्रावर एका वेळी एकच काम, प्रोसेसरला दोन कोअर असून उपयोग नाही. १०० वॅटचे यंत्र दहा तास चालले की एक युनिट वीज जाते. तेच पॅकेज वीस यंत्रांवर वीसदा बांधायचे तर वीस युनिट, आणि ते एका पॅकेजाचे. शिवाय नवी आवृत्ती आली की पुन्हा. पण बिलापेक्षा मला वेळ जास्त सलतो. मोखाड्याच्या पाड्यावरच्या शाळेत लाइट, मोबाइलची रेंज आणि संगणक शिकवणारे मास्तर हे तिन्ही एकाच वेळी हजर असणे ही पावसाळ्यात रोजची गोष्ट नसते. तसा तास मिळाला तर तो मुलांच्या हातात गेला पाहिजे, कंपायलरच्या नाही.

कंपाइल केले की यंत्र पळते, ही समजूत फार पसरलेली आहे. आपल्याच प्रोसेसरसाठी बेतलेला कोड काही कामांत खरोखर वेगवान असतो: मोठी गणिते, व्हिडिओ बदलणे, असली कामे. पण लिब्रेऑफिसमध्ये अर्ज लिहिणे, जिओजेब्रात वर्तुळ काढणे, टक्स पेंटमध्ये तारपा नाच रंगवणे यात मला तो फरक कधी जाणवला नाही. उलट जुनी फिरती हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी बसवली तर पहिलीतल्या पोरालाही जाणवतो. वेगासाठी सोर्सची वाट धरू नका, एवढे मी ठामपणे सांगतो.

सोर्सच्या वाटेचा खरा लाभ दोन ठिकाणी आहे. एक, नको ते गाळता येते. जेंटूमध्ये यूज फ्लॅग नावाच्या खुणा असतात. ब्लूटूथ नको, छपाई हवी, अमुक डेस्कटॉपचे ओझे नको, असे एकदा लिहून ठेवले की प्रत्येक पॅकेज तेवढेच भाग घेऊन बांधले जाते. एक जीबी रॅमच्या यंत्राला या गाळण्याची किंमत कळते. दुसरा लाभ आमच्या भागाला जास्त लागू आहे, तो म्हणजे ३२ बिट यंत्रे. आर्च लिनक्सने २०१७ मध्ये त्यांना सोडले, फेडोराने २०१९ मध्ये त्यांचा कर्नल बंद केला. डेबियन १२ पर्यंत त्यांना इन्स्टॉलर मिळत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये तो नाही. तयार पॅकेज करणाऱ्यांनाही माणसे आणि यंत्रे लागतात, ती संपली की जुने वळण बंद होते, त्यात त्यांचा दोष काढता येत नाही. पण जव्हारच्या कपाटात ठेवलेला तो पेंटियम तर चालू आहे! जेंटू आजही ३२ बिट यंत्रांसाठी पायाभूत संच देते. ज्याच्याकडे सोर्स आणि कंपायलर आहे त्याला कोणी वगळू शकत नाही.

आता मराठीचे. हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण दोन वाटांची तुलना करणाऱ्या लेखांत तो कुठेच नसतो. नव्याने कंपाइल केलेल्या यंत्रावर सातवीतल्या एका मुलीने 'शेतकऱ्याचे' हा शब्द टाइप केला. पडद्यावर रिकामे चौकोन उमटले. सिस्टीममध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता, कारण मी तो मागितला नव्हता आणि सोर्सच्या वाटेवर न मागितलेले काही येत नाही. फॉन्ट बसवल्यावर अक्षरे आली, पण शब्द 'शेतकर्याचे' असा, रफार डोक्यावर घेऊन. ती म्हणाली, "सर, हे चुकलं." तिचे बरोबर होते. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'जे' या कळीवर साधा र आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो. त्या ऱ ला पाय मोडून य जोडला की आपला खास मराठी 'ऱ्य' तयार होतो. हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून हिंदीपुरते पाहणाऱ्या माणसाच्या तो लक्षातही येत नाही. आमच्याकडे मात्र दऱ्या आहेत, वाऱ्याचे झोत आहेत, शेतकऱ्याच्या नावाचा सातबारा आहे.

यामागे कोणाचे तरी कष्ट आहेत. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फॉन्ट खुले केले आणि त्यांची पुढची देखभाल पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे केली. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे असतात, तेही त्यात सांभाळले गेले. डेबियनचा चित्ररूप इन्स्टॉलर मराठीत चालतो. मराठी निवडली की फॉन्ट आणि भाषेचे बाकीचे साहित्य आपोआप ओढले जाते, कारण कोणीतरी आधीच बसून मराठी माणसाला काय काय लागेल याची यादी करून ठेवली आहे. तयार वितरण म्हणजे केवळ तयार प्रोग्राम असे मी पूर्वी समजत होतो. ती यादी पाहिल्यावर कळले की दुसऱ्याने आपल्यासाठी केलेला विचारही त्यात बांधलेला असतो. जेंटूमध्येही मराठी मिळते, पण ती यादी आपल्या डोक्यात असावी लागते.

सी-डॅकने २००७ मध्ये बॉस लिनक्स काढले, तेव्हा त्यांच्याकडे यंत्रे होती, अभियंते होते. तरी त्यांनी सगळे पहिल्यापासून रचले नाही. डेबियनचा पाया घेतला आणि त्यावर भारतीय भाषांचे काम केले. एवढ्या मोठ्या सरकारी संस्थेने जिथे तयार पाया घेतला, तिथे पाड्यावरच्या एकट्या शिक्षकाने सगळे एकट्याने रचावे असा आग्रह धरणे मला अन्यायाचे वाटते.

मग विश्वासाचा प्रश्न उरतो, आणि सोर्सवाल्यांचा सगळ्यांत जुना मुद्दा हाच आहे की दुसऱ्याने कंपाइल केलेल्यावर विश्वास कसा ठेवायचा. मुद्दा पोकळ नाही. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजातून दोन ओळी काढल्या गेल्या. त्यामुळे त्या यंत्रांवर तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या मोजक्या हजारांत सापडतील इतक्या कच्च्या झाल्या, आणि हे मे २००८ मध्ये उघडकीस येईपर्यंत उबुंटूसह डेबियनवर उभ्या असलेल्या वितरणांत पसरले. ज्यांनी मूळ सोर्स घेऊन स्वतः कंपाइल केले होते त्यांना ही बाधा झाली नाही. एका चुलीवरचे बिघडले की सगळी पंगत आजारी पडते, तसे ते झाले.

पण मार्च २०२४ मधले एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साधनाचे प्रकरणही तितकेच नीट वाचले पाहिजे. एसएसएचने लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने माग काढला आणि एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले. त्याचा रोख डेबियन आणि फेडोराच्या धर्तीच्या पॅकेजांवर होता. तरी त्याची कळ लपवलेली होती ती सोर्सच्याच गाठोड्यात, जे जेंटूवाला माणूसही उतरवून घेतो. जेंटूलाही त्या आवृत्त्या मागे घ्याव्या लागल्या. स्वतः दळले म्हणून धान्यातला खडा निघत नाही. तो निवडणारा डोळा लागतो. डेबियनने २०१३ पासून यावर वेगळा उपाय धरला आहे. एकच सोर्स वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या ठिकाणी कंपाइल करायचा आणि निघालेली बायनरी अगदी बिटसकट सारखी आहे का ते ताडून पाहायचे. सगळ्यांनी सगळे कंपाइल करण्याची गरज नाही, पण काहींनी ते करत राहण्याची फार गरज आहे.

जव्हारमध्ये हे समजावून सांगायला मला कधी संगणकाचे उदाहरण लागले नाही. या भागात बायफ संस्थेने शेतकऱ्यांबरोबर भाताची, नागलीची, वरईची स्थानिक वाणे गोळा करून बियाणे राखण्याचे काम केले आहे. दुकानातली पिशवी आणून पेरणारा शेतकरी काही गुन्हा करत नाही, त्याला त्या वर्षी पीक हवे असते. पण तालुक्यात गरव्या-हळव्या भाताचे घरचे बियाणे कोणाच्यातरी कणगीत असले पाहिजे. पिशवी आली नाही किंवा आलेली पिशवी उगवली नाही, तर मागायला जायचे घर माहीत असले पाहिजे. प्रत्येक घराने प्रत्येक वाण राखावे अशी अपेक्षा कोणी जुन्या माणसानेही केली नव्हती.

माझे मत याच धर्तीचे आहे आणि पुस्तिकेची रचनाही त्यावरच बेतली आहे. मुलांच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक यंत्रावर तयार वितरण घाला. ६४ बिट यंत्र असेल तर डेबियन आणि हलका एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी डेस्कटॉप. मराठी निवडा आणि कामाला लागा. पण तालुक्यात निदान एक यंत्र, आणि त्याच्याभोवती दोन-तीन मुले, सोर्सच्या वाटेवर असू द्या. त्यांनी जेंटू उभे करावे, कर्नल बांधावा, मोडावा, पुन्हा बांधावा. ३२ बिट यंत्रांची पॅकेजे त्यांनी एका बऱ्या यंत्रावर बांधून पेनड्राइव्हवरून बाकीच्यांना द्यावीत. पोर्टेजमध्ये ती सोय आहे. डेबियनवर राहूनही हे शिकता येते. त्यातल्या प्रत्येक पॅकेजाचा सोर्स एका आज्ञेने उतरतो आणि आपल्याच यंत्रावर बांधता येतो.

खरे तर दोन वाटा आता एकमेकींत मिसळू लागल्या आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूने स्वतःच तयार पॅकेजांचे भांडार उघडले. ६४ बिट यंत्रांसाठी त्यात वीस जीबीहून जास्त पॅकेजे होती. क्रोमबुकवर चालणारी क्रोमओएस बांधली जाते ती पोर्टेजने, पण विकत घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा 'आम्ही सोर्सवाले' आणि 'तुम्ही तयारवाले' अशी भांडणे करण्यात आमच्या पोरांनी वेळ घालवू नये.

रायगड जिल्ह्यातल्या खैराट-धनगरवाड्याच्या शाळेत २००७ मध्ये देशातला ओएलपीसीचा, म्हणजे 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या प्रकल्पाचा, पहिला प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये २५६ एमबी रॅम होती आणि फेडोरावर उभी असलेली शुगर नावाची प्रणाली होती. सगळे तयार, कंपाइलचा प्रश्नच नाही. तरीही त्या कीबोर्डवर 'सोर्स पाहा' अशी एक कळ दिलेली होती, जी दाबली की चालू असलेल्या प्रोग्रामचा मजकूर समोर यावा. ज्यांनी ही कळ ठेवायचे ठरवले त्यांना माझे मनापासून वंदन आहे. धनगरवाड्यावरच्या मुलालाही आतले पाहण्याचा हक्क आहे, हे त्यांनी प्लास्टिकच्या एका बटणात लिहून ठेवले होते. जव्हार-मोखाड्यात आपण जी यंत्रे उभी करू त्यांत तशी कळ नसेल, पण तो हक्क राहिला पाहिजे. यासाठी या पुस्तिकेतले प्रत्येक प्रकरण आधी तयार पॅकेज बसवायला सांगते आणि शेवटी तेच पॅकेज सोर्सवरून बांधून पाहण्याचा एक धडा देते. तो धडा सक्तीचा नाही. वर्गातली दोन मुले तो करतील, बाकीची करणार नाहीत, आणि तेवढे पुरेसे आहे.

वाचणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. नेटच्या भरवशावर राहू नका. डेबियनच्या डीव्हीडीच्या प्रती जव्हार किंवा नाशिकला गेलात की उतरवून आणा. रितेश राज सराफ या आपल्याच देशातल्या डेबियन विकासकाने लिहिलेले ॲप्ट-ऑफलाइन शिकून घ्या. त्याने शाळेतल्या यंत्राची मागणी पेनड्राइव्हवर लिहून घेता येते, रेंज असेल तिथे पॅकेजे उतरवता येतात आणि परत येऊन बसवता येतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे मराठी धडेही त्याच फेरीत आणा. हे सगळे मे महिन्यातच उरका. जूनमध्ये पाऊस धरला की आमच्याकडे लाइटचा नेम नसतो.